शून्यातून हंगाम: शापेकोएन्सेने २०१७ चा संघ कसा उभा केला

डिसेंबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ब्राझीलमधल्या शापेकोएन्से या फुटबॉल क्लबकडे पुढच्या वर्षाचं भरगच्च वेळापत्रक होतं आणि ते खेळायला संघ नव्हता. जानेवारीच्या अखेरीस सांता कातारिना राज्याची अजिंक्यपद स्पर्धा, मार्चमध्ये कोपा लिबेर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, मे महिन्यापासून ३८ फेऱ्यांची राष्ट्रीय लीग. २८ नोव्हेंबरच्या रात्री कोलंबियात मेदेयीनजवळ कोसळलेल्या विमानात क्लबचे २२ खेळाडू होते, त्यातले १९ गेले. प्रशिक्षक कायो ज्युनियर गेले, अध्यक्ष सांद्रो पालाओरो गेले, डॉक्टर, फिजिओ, साहित्य सांभाळणारे, संचालक असे कितीतरी गेले. विमानातल्या ७७ पैकी सहा जण वाचले. त्यांत तीन खेळाडू होते: आलान रुशेल, नेतो आणि राखीव गोलरक्षक जाक्सॉन फोलमान. फोलमानचा उजवा पाय कापावा लागला.

या अपघाताबद्दल लिहिलं खूप गेलं, आणि बहुतेक वेळा डोळे भरून. इथे मुद्दा वेगळा आहे. एखाद्या क्लबकडे संघ, प्रशिक्षक आणि कारभारी यांपैकी काहीच उरलं नसताना पुढचा हंगाम कसा आखायचा? शापेकोएन्सेने काय निवडलं, काय नाकारलं, आणि त्याची किंमत कुणी मोजली, ते बघू.

क्लब कुठला, कसा

शापेको हे सांता कातारिनाच्या पश्चिम टोकाचं, तेव्हा जेमतेम दोन लाख वस्तीचं शहर. समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटनाशी त्याचा संबंध नाही. इथला मोठा धंदा कोंबडी आणि डुकराच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचा. १० मे १९७३ रोजी गावातल्या दोन क्लबांच्या विलीनीकरणातून शापेकोएन्से जन्माला आला. रंग हिरवा-पांढरा, मैदान अरेना कोन्दा. कोन्दा हे इथल्या काइन्गांग आदिवासींच्या एका प्रमुखाचं नाव.

२००९ मध्ये हा क्लब राष्ट्रीय फुटबॉलच्या चौथ्या विभागात होता. २०१३ मध्ये दुसऱ्या विभागात उपविजेता ठरून २०१४ मध्ये तो पहिल्या विभागात पोहोचला आणि टिकला. वर्षागणिक पंधरावा, चौदावा, अकरावा अशी त्याची चढण होती. हे जमलं ते हिशेबी कारभारामुळे. नावाजलेले खेळाडू घ्यायचे नाहीत, इतर क्लबांनी बाजूला ठेवलेले पण हाडाचे व्यावसायिक असलेले घ्यायचे, पगार वेळेवर द्यायचा. ब्राझीलमध्ये भल्या भल्या क्लबांचे पगार महिनोन्महिने थकतात. त्यामुळे वेळेवर पगार हेच तिथे मोठं आमिष ठरतं. कर्णधार क्लेबेर सांताना आणि क्लबचा विक्रमी गोलवीर ब्रूनो रान्जेल ही याच पद्धतीची फळं.

२०१६ च्या कोपा सुदामेरिकानात, म्हणजे खंडातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेत, या संघाने अर्जेंटिनाच्या इंदिपेंदिएन्तेला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. गोलरक्षक दानिलोने त्यात चार पेनल्टी अडवल्या. उपांत्य फेरीत सान लोरेन्सोविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने पायाने अडवलेला फटका आजही शापेकोत सांगितला जातो. अंतिम फेरीचा पहिला सामना मेदेयीनच्या अतलेतिको नासिओनालशी ३० नोव्हेंबरला होता. त्यासाठीच ते निघाले होते.

अपघाताचं कारण थोडक्यात: इंधन संपलं. लामिया या छोट्या बोलिव्हियन कंपनीचं विमान ब्राझीलमधून थेट न्यायला ब्राझीलच्या विमान नियामकाने परवानगी नाकारली, म्हणून संघ प्रवासी विमानाने बोलिव्हियातल्या सांता क्रूझला गेला आणि तिथून लामियाच्या विमानात बसला. उड्डाणाचं अंतर टाकीच्या क्षमतेशी इतकं नेमकं भिडलेलं होतं की वाटेत थोडाही उशीर झाला तर भरून काढायला काही उरत नव्हतं. वैमानिक कंपनीचा भागीदारही होता.

आलेल्या मदतीतलं काय घ्यायचं

३ डिसेंबरला अरेना कोन्दावर मुसळधार पावसात सामूहिक निरोप झाला. दोन दिवसांनी कॉन्मेबोल या दक्षिण अमेरिकी महासंघाने कोपा सुदामेरिकानाचं विजेतेपद शापेकोएन्सेला बहाल केलं. ही मागणी प्रतिस्पर्धी अतलेतिको नासिओनालनेच केली होती. विजेत्याची २० लाख डॉलरची रक्कम क्लबला मिळाली. पण विजेतेपदासोबत सामनेही आले: लिबेर्तादोरेसमध्ये थेट प्रवेश, या दोन खंडीय स्पर्धांच्या विजेत्यांमधल्या रेकोपासाठी नासिओनालशी दोन लढती, जपानमध्ये सुरुगा बँक चषकाचा सामना. म्हणजे ज्या क्लबकडे अकरा माणसं नव्हती, त्याच्यापुढे इतिहासातला सर्वांत लांबलचक हंगाम वाढून ठेवला गेला. हा सन्मान होता, आणि ओझंही.

ब्राझीलच्या मोठ्या क्लबांनी एकत्र येऊन दोन प्रस्ताव ठेवले. एक, शापेकोएन्सेला खेळाडू लोनवर, म्हणजे तात्पुरते उसने देऊ, शुल्क घेणार नाही. दोन, पुढची तीन वर्षं हा क्लब तळाला गेला तरी त्याला दुसऱ्या विभागात ढकलू नये.

पहिला प्रस्ताव क्लबने घेतला. दुसऱ्याचा आग्रह धरला नाही, आणि तो अमलात आलाही नाही. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. वरवर पाहता तो स्वाभिमानाचा वाटतो. त्यामागचं व्यवहारज्ञान जास्त मोलाचं आहे. तीन वर्षं घसरण होणारच नाही असं ठरलं असतं, तर त्या क्लबशी खेळणं प्रतिस्पर्ध्यांना अवघडल्यासारखं झालं असतं, नव्या खेळाडूला ते उमेदवारीचं ठिकाण वाटलं असतं, आणि घसरणीच्या काठावर असलेल्या दुसऱ्या एखाद्या क्लबला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हा अन्याय वाटू लागला असता. सहानुभूतीची मुदत फार नसते. शापेकोच्या कारभाऱ्यांनी ते ओळखलं.

अफवांचाही त्या दिवसांत पूर होता. रोनाल्दिन्यो येणार, रिकेल्मे निवृत्ती मोडणार, युरोपातला अमुक क्लब कोट्यवधी युरो देणार. यातलं काही घडलं नाही. रोनाल्दिन्यो आला असता तर जर्सी खपल्या असत्या हे खरं, पण मार्च महिन्यात लिबेर्तादोरेससाठी व्हेनेझुएलातल्या माराकाइबोच्या उकाड्यात नव्वद मिनिटं कोण धावणार होतं?

५४ दिवस

अपघातापासून पहिल्या सामन्यापर्यंत ५४ दिवस मिळाले. नव्या अध्यक्षपदी प्लिनियो दावीद दे नेस फिल्यो आले. ते क्लबच्या नियामक मंडळाचे प्रमुख होते आणि त्या विमानात नव्हते. फुटबॉल विभागाची सूत्रं ग्रेमियोत काम केलेल्या रुई कोस्ता यांच्याकडे गेली. प्रशिक्षक म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वाग्नेर मान्सिनी नेमले गेले. मान्सिनी यांची निवड विचार करून केलेली दिसते. २००५ मध्ये पाउलिस्ता या जुंदियाईच्या छोट्या क्लबला त्यांनी कोपा दो ब्राझील जिंकून दिली होती. कमी पैशात, अनोळखी माणसांतून संघ बांधण्याचा त्यांना अनुभव होता.

इथे एक गोष्ट बोलायला कठोर आहे, पण ती टाळून हे प्रकरण समजत नाही. ब्राझीलचा हंगाम कॅलेंडर वर्षाप्रमाणे चालतो. डिसेंबरात असंख्य करार संपतात, शेकडो खेळाडू मोकळे होतात, लोनची उलाढाल सुरू होते. हाच अपघात मे किंवा ऑगस्टमध्ये घडला असता तर घ्यायला खेळाडूच मिळाले नसते. मँचेस्टर युनायटेडचं विमान म्युनिकमध्ये ६ फेब्रुवारी १९५८ ला, ऐन हंगामात कोसळलं. तेरा दिवसांनी त्यांना एफए कपचा सामना खेळावा लागला, तोही राखीव पोरं आणि घाईने विकत घेतलेल्या दोघांना घेऊन. तो त्यांनी जिंकला, अंतिम फेरीही गाठली, पण लीगमध्ये त्यानंतर जेमतेम एक विजय मिळाला. पेरूच्या अलिआन्सा लिमाचं विमान डिसेंबर १९८७ मध्ये समुद्रात पडलं, तेव्हा चिलीच्या कोलो-कोलोने त्यांना चार खेळाडू दिले आणि निवृत्त तेओफिलो कुबियास मदतीला मैदानात उतरला. शापेकोएन्सेला निदान बाजार उघडा असताना बाजारात जाता आलं.

वीसहून अधिक नवे खेळाडू आले. साओ पाउलोकडून डावा बचावपटू रेनाल्दो, फ्लामेंगोकडून लुईस आंतोनियो, पाल्मेइरासकडून अमाराल आणि आंद्रेइ जिरोत्तो, क्रुझेइरोकडून तरुण फाब्रिसियो ब्रुनो. गोलमध्ये बेन्फिकासाठी खेळून आलेला आर्तुर मोराएस. आघाडीला वेलिंग्टन पाउलिस्ता. ग्रोल्ली, आपोदी, तुलियो दे मेलो हे पूर्वी इथे खेळून गेलेले, ते परतले. ही यादी नीट पाहिली तर जुनीच पद्धत दिसते: तीस ओलांडलेले अनुभवी, मोठ्या क्लबच्या बाकावर बसून कंटाळलेले, आणि ज्यांना शापेको हे गाव माहीत आहे असे. अकादमीतली मुलं सरसकट वर चढवण्याचा भावनिक मार्ग क्लबने घेतला नाही. लिबेर्तादोरेस आणि लीग एकाच वेळी खेळायची असताना एकोणीस वर्षांच्या पोरांना मृतांच्या जर्सीत उभं करणं क्रूरच झालं असतं.

परतलेल्यांचा उपयोग मैदानाबाहेर जास्त झाला असावा. जुन्या संघातले जे प्रवासाला गेले नव्हते, उदाहरणार्थ जायबंदी असलेले मार्तिनुच्चो आणि मोइझेस रिबेइरो, त्यांच्यासाठी कपडे बदलायच्या खोलीत अचानक वीस अनोळखी चेहरे आले होते. २००६ पासून क्लबमध्ये असलेला, चौथ्या विभागापासून सगळं पाहिलेला गोलरक्षक निवाल्दो अपघातानंतर निवृत्त झाला आणि क्लबच्याच कामात राहिला. नव्या माणसाला या क्लबची रीत सांगणारं कुणीतरी लागतंच.

२१ जानेवारी २०१७ ला अरेना कोन्दावर मैत्रीपूर्ण सामना झाला. समोर पाल्मेइरास, म्हणजे तेव्हाचे राष्ट्रीय विजेते. जुन्या संघाचा शेवटचा सामनाही त्यांच्याशीच, २७ नोव्हेंबरला झाला होता. सामन्याआधी मृतांच्या कुटुंबीयांना सुदामेरिकानाची पदकं देण्यात आली, व्हीलचेअरवरच्या फोलमानने चषक उंचावला. ७१ व्या मिनिटाला, ७१ मृतांसाठी, खेळ थांबवून मैदानभर ‘वामोस, वामोस, शापे’ घुमलं. निकाल २-२. शापेकोएन्सेचे गोल ग्रोल्ली आणि अमारालने केले. चार दिवसांनी रिओत ब्राझील आणि कोलंबिया यांच्यात मदतनिधीसाठी सामना झाला, तो ब्राझीलने १-० ने जिंकला.

हंगाम उलगडला तसा

७ मार्चला व्हेनेझुएलातल्या माराकाइबोत सुलियाविरुद्ध शापेकोएन्सेने लिबेर्तादोरेसमधला आपला पहिलाच सामना २-१ ने जिंकला. रेनाल्दोच्या फ्री किकने खातं उघडलं. ४ एप्रिलला रेकोपाच्या पहिल्या लढतीत नासिओनाल शापेकोत आलं. गावाने त्यांचं स्वागत पाहुण्यांसारखं केलं आणि मग सामनाही २-१ ने जिंकला.

मे महिन्याचा पहिला पंधरवडा पाहा. ७ मे ला अवाईविरुद्ध राज्य स्पर्धेचा अंतिम सामना घरी ०-१ ने हरूनही, पहिल्या लढतीतला १-० चा विजय आणि एकूण मोसमातली सरस कामगिरी यांच्या जोरावर राज्य अजिंक्यपद. १० मे ला, क्लबच्या वाढदिवशी, मेदेयीनमध्ये रेकोपाची दुसरी लढत, ४-१ ने हार आणि चषक नासिओनालकडे. १३ मे ला साओ पाउलोत कोरिंथियान्सशी १-१ बरोबरी, राष्ट्रीय लीगची सुरुवात. १७ मे ला अर्जेंटिनात लानुसविरुद्ध लिबेर्तादोरेसचा सामना. अकरा दिवसांत चार सामने, तीन देश, चार स्पर्धा. त्यातला मेदेयीनचा प्रवास तर कसा झाला असेल, त्यावर मी काही लिहीत नाही.

लानुसचा सामना शापेकोएन्सेने २-१ ने जिंकला. विजयी गोल बचावपटू लुईस ओताव्हियोचा. आणि इथेच या हंगामातली सर्वांत शिकण्यासारखी चूक सापडते. ओताव्हियोवर आधीच्या सामन्यातल्या शिक्षेमुळे बंदी होती. बंदीची सूचना आपल्याला रीतसर मिळाली नव्हती, असं क्लबचं म्हणणं. कॉन्मेबोलने ते मानलं नाही आणि सामना लानुसला ३-० असा दिला. शापेकोएन्सेने शेवटचा साखळी सामना जिंकला, तरी ७ गुणांवर तिसरं स्थान मिळालं. ते तीन गुण राहिले असते तर १० गुणांनी बाद फेरी गाठली असती.

वृत्तपत्रांनी याला बेफिकिरी म्हटलं. मला त्यात वेगळं काही दिसतं, अर्थात हा माझा तर्क आहे. खेळाडू बाजारात मिळतात, प्रशिक्षक मिळतो. पण महासंघाची कोणती सूचना कुठल्या पत्त्यावर येते, ती आल्यावर कुणाला फोन करायचा, कुठला कागद दोनदा तपासायचा, हे ज्ञान लिहून ठेवलेलं नसतं, ते माणसांत असतं. त्या विमानात क्लबची कारभारी मंडळीही होती. मैदानावरचा संघ ५४ दिवसांत उभा राहिला. कार्यालयाला जास्त वेळ लागला असावा, आणि त्याची किंमत लानुसमध्ये चुकती झाली. पुनर्बांधणीच्या कौतुकात या बाजूकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

लीगमध्ये सुरुवात थक्क करणारी होती. पहिल्या काही फेऱ्यांनंतर संघ थोडा काळ गुणतालिकेत सगळ्यात वर होता. मग गाडी घसरली, आणि जुलैच्या सुरुवातीला मान्सिनींना काढलं.

यावर जगभर नाराजी उमटली. राखेतून संघ उभा करणाऱ्याला सहा-सात महिन्यांत बाहेरचा रस्ता? ब्राझीलच्या फुटबॉलची सवय असलेल्याला मात्र यात नवल वाटलं नाही. तिथे प्रशिक्षक वर्षभर टिकला तर बातमी होते. आम्हाला सवलत नको, असं म्हणणाऱ्या क्लबने प्रशिक्षकालाही सवलत दिली नाही. हे सुसंगत आहे. शहाणपणाचं होतं का? मला वाटत नाही. नंतर आलेले विनिसियस एउत्रोपियो सप्टेंबरपर्यंतच टिकले, आणि ऑक्टोबरमध्ये जिल्सॉन क्लाइना आले. मधल्या काळात ऑगस्टमध्ये संघ बार्सिलोना आणि जपान फिरून आला. ७ ऑगस्टला कॅम्प नूवर जोआन गाम्पर चषकात बार्सिलोनाकडून ५-० ने हार झाली, पण आलान रुशेल त्या दिवशी अपघातानंतर पहिल्यांदा सामना खेळला. आठ दिवसांनी जपानमधल्या साइतामात सुरुगा बँक चषकात उरावा रेड्सकडून उशिराच्या पेनल्टीवर ०-१. प्रदर्शनीय सामन्यांतून पैसा आणि नाव मिळतं, पण लीगच्या मधोमध पृथ्वीप्रदक्षिणा घालणाऱ्या संघाचे पाय जड होणारच.

क्लाइनांनी संघ सावरला. ३ डिसेंबरला शेवटच्या फेरीत कोरिचिबाला २-१ ने हरवून शापेकोएन्से ५४ गुणांसह आठवा आला, पहिल्या विभागातली तोवरची त्याची सर्वोत्तम कामगिरी. त्याच निकालाने कोरिचिबा दुसऱ्या विभागात गेला आणि शापेकोएन्सेला २०१८ च्या लिबेर्तादोरेसच्या पात्रता फेरीचं तिकीट मिळालं.

दुसरी वही

गुणतालिकेच्या वहीत हा हंगाम यशस्वी आहे. पण क्लबकडे दुसरी वहीही होती, मृतांच्या कुटुंबीयांची.

विमान कंपनीच्या विम्यावरून वाद वर्षानुवर्षं चालला. विमा कंपन्यांचं म्हणणं, अटी मोडल्या म्हणून विमा लागूच होत नाही. मानवतेच्या भावनेने रक्कम देऊ, पण दावा सोडा. अनेक कुटुंबांनी ते नाकारलं. क्लबविरुद्धही खटले झाले. ब्राझीलमध्ये खेळाडूच्या कमाईचा मोठा हिस्सा पगाराऐवजी ‘प्रतिमा हक्क’ म्हणून दिला जातो, आणि नोंदलेला पगार कमी असला की भरपाईचा हिशेबही कमी होतो. क्लब हंगामाची तयारी करत असताना आम्हाला कुणी फोनही करत नव्हतं, अशी तक्रार काही विधवांनी उघडपणे केली.

यात क्लबने दुष्टपणा केला असं मी म्हणणार नाही. नव्या कार्यालयात मोजकी माणसं होती आणि वेळापत्रकाची घाई रोज समोर होती. कुटुंबांना वेळापत्रक नव्हतं, म्हणून ती मागे पडली. डिसेंबर २०१६ मध्येच कुटुंबांसाठी वेगळा, फुटबॉलशी संबंध नसलेला विभाग आणि वेगळा निधी उभा केला असता, तर पुढची बरीच कटुता टळली असती, असं मला वाटतं. त्या दिवसांत पैसे येत होते, जग ऐकत होतं.

वाचलेल्या तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नेतोला पुन्हा खेळणं जमलं नाही, २०१९ च्या अखेरीस तो निवृत्त झाला. फोलमान क्लबचा सदिच्छादूत झाला, आणि २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवरची गायनस्पर्धाही जिंकला. रुशेल खेळत राहिला.

क्लब २०१९ मध्ये पहिल्या विभागातून घसरला. २०२० च्या हंगामात रुशेलच्या नेतृत्वाखाली दुसऱ्या विभागाचा विजेता होऊन परतला, पण २०२१ मध्ये ३८ सामन्यांत अवघा एक विजय मिळवून पुन्हा खाली गेला. उसन्या खेळाडूंवर एक हंगाम काढता येतो. ते परत गेले की दर वर्षी संघ नव्याने घ्यावा लागतो, आणि लिबेर्तादोरेसच्या कमाईवर वाढलेला खर्च दुसऱ्या विभागात पेलत नाही. २०२२ च्या सुरुवातीला कर्जाच्या फेररचनेसाठी क्लबने न्यायालयाकडे धाव घेतली. त्या देण्यांमध्ये मृतांच्या कुटुंबीयांशी झालेल्या तडजोडींचे हप्तेही होते, आणि त्यांना पुन्हा थांबायला सांगण्यात आलं. २०२५ च्या अखेरीस शापेकोएन्सेने पहिल्या विभागात पुन्हा जागा मिळवली.